चौदा किलो

लिफ्ट बंद पडली की दुरुस्त करणारीला जिन्यानं चढून जावं लागतं. मोटर बसवलेली असते पार वर, गच्चीवरच्या खोलीत, आणि हत्यारांची पिशवी असते चौदा किलोंची. ती अकरा वर्षं हेच करत आली होती. जिन्यात कुणी विचारलंच, "लिफ्ट कधी सुरू होणार?" तर ती न थांबता म्हणायची, "मी वर पोहोचले की." मित्रमंडळी तिला लिफ्टवालीच म्हणत.

सहा महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या फुफ्फुसाचा तुकडा कापून काढावा लागला. आता बरी होती. पण कंपनीतल्या साहेबांनी तिच्यासाठी एक टेबल रिकामं करून ठेवलं होतं. कानाला फोन लावायचा आणि तक्रारी लिहून घ्यायच्या. "सोमवारी सांग, टेबल की जिने," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली ती माया ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणून तिनं स्वतःचीच परीक्षा ठरवली. दर वर्षी पानगळीत एका शनिवार-रविवारी तिघं जण डोंगरातल्या तळ्यांवर जात. ती, शाळेपासूनची मैत्रीण नर्स आणि भूगोल शिकवणारा मास्तर. शनिवारी खालच्या तळ्यावर मुक्काम, रविवारी सकाळी वरचं तळं. पाठीवर चौदा किलो घेऊन वरच्या तळ्यावर पोहोचलो तर जिने, नाही तर टेबल. हे तिनं दोघांनाही स्वच्छ सांगितलं होतं.

त्यांचा बारा वर्षांचा नियम होता, ओझं तिघांचं सारखं. शुक्रवारी संध्याकाळी नर्सच्या घरी दाराच्या चौकटीला ताणकाटा टांगायचा आणि तिन्ही पिशव्या वजन करून बरोबर करायच्या. तंबूसुद्धा वाटलेला. कापड मास्तरकडे, मेखा आणि दोर नर्सकडे, काठ्या लिफ्टवालीकडे. वाटेत खाणं संपतं, वजनं बदलतात, म्हणून काटाही बरोबर न्यायचा. याही शुक्रवारी काटा चौदावर थांबलेला तिनं डोळ्यांनी पाहिला आणि नर्सच्याच घरी लवकर झोपायला गेली. सकाळी पिशव्या पट्टे आवळून दाराशी तयार उभ्या होत्या.

आणि काय चढली ती! धाप लागली, पण मोडली नाही. पिवळ्या पानांनी वाट झाकून गेली होती, आणि मास्तर मागून म्हणाला, "अगं, जरा हळू, आम्हालाही फुफ्फुसं दोनच आहेत." ती हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर हसली असेल. सोमवारी साहेबांसमोर कशी उभी राहणार, काय बोलणार, सगळं मनातल्या मनात पाठ करून झालं. खालचं तळं दिसलं तेव्हा तर तिला ओरडावंसं वाटलं.

ऊन उतरायला लागलं तसं मास्तरनं तंबूचं कापड पसरलं. "काठ्या दे," तो नर्सला म्हणाला.

"माझ्याकडे कुठल्या? तू घेतल्यास ना?"

"मी स्टोव्ह घेतला. काठ्या तू काढल्यास!"

"काढल्या, आणि तुझ्या बुटांपाशी ठेवल्या!"

मग दोघांच्याही लक्षात आलं, आपण कुणासमोर बोलतोय. लिफ्टवालीनं मास्तरच्या पिशवीतून काटा काढला, झाडाच्या फांदीला बांधला आणि स्वतःची पिशवी लटकवली. साडेआठ. पिशवीत काठ्यांच्या जागी नर्सची उशी गुंडाळून भरली होती. स्टोव्हच्या जागी मास्तरचा लोकरी टोपा आणि दोन मफलर.

"उशी?" ती म्हणाली. "माझ्या पाठीवर उशी बांधून मला डोंगर चढवलात?"

"अगं, ऐक तरी—"

"काय ऐकू? सकाळपासून मी वेड्यासारखी खूश होते, आणि तुम्ही मागून मजा बघत होतात!"

"मजा नाही गं," नर्स म्हणाली. "तू हरलीस तर तुझं तोंड मला बघवलं नसतं. तुझ्या आईलाही शब्द दिला होता, हिला पोहोचवीन म्हणून. वाटलं, एकदा वर पोहोचली की जिवात जीव येईल."

"आणि सोमवारी? चौदाव्या मजल्यावर? तिथे कोण येणार होतं माझी पिशवी हलकी करायला, तू की आई? तू नर्स आहेस ना? पेशंटचा ताप उतरला नाही तर थर्मामीटर झटकून पारा खाली आणतेस का?"

मास्तर मध्ये पडला, "चुकलं आमचं."

"तू गप्प बस. मुलांना नकाशा शिकवतोस, आणि मला खोटा रस्ता दाखवलास."

तंबूचं कापड मग तिनंच दोन झाडांमध्ये दोर ताणून टाकलं, कडांवर मेखा ठोकल्या. गाठी तिच्या इतक्या पक्क्या होत्या की सकाळी मास्तरला एकही सुटेना. ठोकताना ती मेखांवर नव्हे, त्या दोघांवरच घाव घालत होती. जेवण कुणीच धड जेवलं नाही. कालपर्यंत आपल्याला फक्त भीती वाटत होती, हे तिला समजत होतं. आता लाजही वाटत होती, आणि ती या दोघांनी दिलेली होती.

सकाळी तिनं काटा पुन्हा लटकवला. काठ्या नव्हत्या, म्हणून नर्सच्या पिशवीतलं पाणी, मास्तरचा स्टोव्ह, डबे, दोर असं करत चौदा भरलं. "तुम्ही पुढे व्हा. मागे वळून बघाल तर याद राखा."

ते गेले. ती निघाली. पहिला चढ गेला, दुसरा गेला. तिसऱ्या वळणावर वाट सुट्या दगडांतून सरळ वर चढत होती, आणि तिथे श्वास छातीत येईनासा झाला. खांदे ठीक होते, पायही ठीक होते. हवाच पुरत नव्हती. ती दगडावर बसली. थोड्या वेळानं उठली, वीस पावलं गेली, पुन्हा बसली. बघायला कुणी नव्हतं. स्टोव्ह झुडपात टाकून वर गेली असती तर कुणाला कळलं असतं? तेही तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

तिनं दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवली.

दोघं धावत खाली आले. नर्सचा हात आधी तिच्या मनगटाकडे आणि मग पिशवीच्या पट्ट्याकडे गेला. लिफ्टवालीनं तो फाडकन झटकला.

"हात लावू नकोस. मी देईन तेवढंच घ्यायचं."

तिनं पाणी काढून नर्सच्या हातात ठेवलं. स्टोव्ह मास्तरच्या. मग पिशवी काट्याला अडकवून काटा स्वतःच्याच हातानं उचलून धरला. अकरा. दोनदा बघितलं. पट्टे आवळले आणि चढायला लागली, या वेळी सगळ्यात पुढे.

वरचं तळं लहान होतं आणि थंडगार. तिनं बूट काढले, पाय पाण्यात घातले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. मोठा पाना मोटरच्या खोलीतच ठेवता येईल. ग्रीसचा डबा प्रत्येक इमारतीत असतोच, उगाच वाहते. हातोडा हलका मिळतो. तीन किलो. जिनेच, साहेब. पण पिशवी अकराची, आणि त्यातून काय काढायचं ते मी सांगणार.

नर्स जरा अंतर ठेवून बसली. डोळे पुसून तिनं फोन काढला. "तुझ्या आईला कळवते. पोहोचली म्हणून."

"नुसतं पोहोचली नाही," लिफ्टवाली म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "अकरा किलोंनी पोहोचली. पूर्ण लिही."