एकदाच दाबायचं

वहिनीचा गळा बसला, आणि आमच्या बँडात गाणारी ती एकटीच. डॉक्टरांनी दम भरला होता, महिनाभरात एक शब्द जरी काढलात तर आवाज कायमचा जाईल. पण आजचा कार्यक्रम सोडला तर हॉलवाला दुसरी गाणारी उभी करणार होता. म्हणून आम्ही तिच्या जुन्या गाण्यांचे तुकडे लॅपटॉपात भरले. तिनं नुसते ओठ हलवायचे, मी लॅपटॉपला जोडलेल्या पॅडचं बटण दाबून तुकडे सोडायचे.

ड्रमवर बसता बसता दादा म्हणाला, "एकदाच दाब हां. दुसऱ्यांदा दाबलंस की बंद होतं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का रे?"

आता हे पॅड दाबल्या दाबल्या वाजत नाही, पुढच्या समेपर्यंत, म्हणजे ठेका पुन्हा पहिल्या मात्रेवर येईपर्यंत थांबतं. दोन कडवी झकास गेली. तिसऱ्याला मी दाबलं, तर आवाज येईना. सम यायची होती हो, पण घाईघाईत मी पुन्हा दाबलं. झालं, बंद!

वहिनी तोंड उघडून उभी. समोर खच्चून माणसं. दादा डोळे वटारून ठेका ओढतोय. मी परत दाबलं, पण आता अख्खं आवर्तन कोण थांबणार? तेवढ्यात वहिनीनं खरोखरच सूर लावला. फाटका, खरखरीत.

"वहिनी, नका हो!" मी ओरडलो.

मग सम आली. लॅपटॉपातली वहिनी वरून गोड गायला लागली, आणि सगळ्या हॉलनं दोन्ही आवाज एकदम ऐकले. वहिनी काही थांबेना, आणि पॅड बंद करायला माझं बोट उचलेना.