लामडांगच्या काउंटरवरचा माणूस

"नव्या विमानतळावर पहिला माणूस पाठवतात ना, तो शिव्या खायला," असं उज्ज्वलाताई मला म्हणाल्या होत्या. कोलकात्यात, आमच्याच सॉल्ट लेकच्या इमारतीत राहतात, नवरा वैमानिक. मला वाटलं, अजेयची बढती यांना बघवत नाहीये. चहा गाळता गाळता मी विषय बदलला.

अजेय माझा नवरा. पावसाळा संपल्यावर विमान कंपनीचा स्टेशन मॅनेजर म्हणून तो डोंगरातल्या लामडांगला गेला. कंपनीचं कोलकात्याहून तिकडे जाणारं हे पहिलंच विमान. फीत कापली, फोटो निघाले आणि मग रोजचं सुरू झालं. ढगातून वाट दाखवणारी यंत्रणा तिथे नाही. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसली तरच उतरायचं. सकाळी ढग, दुपारी वारा. धावपट्टी आखूड आणि हवा विरळ, म्हणून विमान पूर्ण भरून उडवताही येत नाही. तिकिटं मात्र सगळ्या जागांची विकायची, हे कोलकात्याला सेक्टर फाइव्हमधल्या कंपनीच्या ऑफिसात बसून ठरतं. कुणाला मागे ठेवायचं ते अजेयने ठरवायचं, आणि तोंडावर सांगायचंही त्यानेच. त्या विमानतळासाठी तयार केलेले वैमानिक मोजके. एकाला ताप आला की दिवस बुडाला. ऑफिसातल्यांना हे आधी माहीत नव्हतं का? सगळं माहीत होतं.

सुरुवातीला तो फोनवर म्हणायचा, अगं, बसेल घडी हळूहळू. मग तेही म्हणेना. जेवलास का विचारलं, तर "हो" इतक्या घाईने यायचं, की जेवला नाही हे मला कळायचं. ऑफिसात फोन केला तर तिथले म्हणायचे, मॅडम, सगळ्याच नव्या मार्गांवर असं होतं.

शेवटी गेल्या आठवड्यात दीड वर्षांच्या यामिनीला घेऊन मीच निघाले. तो नको नको म्हणत होता, पण मी सरळ तिकीट काढलं. लामडांगवर आलो तेव्हा ढगाला एक भोक पडलं होतं. त्यातून पत्र्याची छपरं दिसली, धावपट्टीचं टोकही दिसलं. विमानाने दोन घिरट्या घातल्या तोवर भोक बुजलं, आणि आम्ही परत कोलकात्याला.

शेजारचे गृहस्थ भाचीच्या लग्नाला निघाले होते. चाकं टेकताच त्यांनी तिकिटाच्या मेसेजमधला नंबर लावला, स्पीकरवर. तो अजेयचा नंबर होता. ते बोलत सुटले: चोर आहात, लाज वाटत नाही का, आईबापांनी हेच शिकवलं का. पलीकडून प्रत्येक वाक्याला एकच उत्तर, सपाट आवाजात, हिंदीत, "बरोबर आहे सर." आईबापांवरही तेच.

यामिनीने आवाज ओळखला. "बाबा," म्हणाली. गृहस्थ वळून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्या हातातल्या फोनकडे वाकून मराठीत म्हणाले, "अजेय, मी बोलतेय. यात काही बरोबर नाहीये. तू असं म्हणू नकोस."

पलीकडून त्याच आवाजात, हिंदीतच, "बरोबर आहे मॅडम."

आणि फोन कट.

तेव्हापासून त्याचा नंबर बंद आहे. ऑफिसवाले सांगतात, ड्यूटीवर आहे, काउंटर चालू आहे, काळजीचं काही नाही. विमान कालही रद्द, आजही. ट्रेनने जाऊन पुढे रस्त्याने चढावं, तर यामिनी तापाने फणफणलीय आणि वरच्या रस्त्यावर दरड आलीय; छोट्या गाड्या तेवढ्या कशाबशा सोडतात.

तुमच्यापैकी कुणी तिकडे असाल, किंवा तिथे कुणी ओळखीचं असेल, तर एकदा काउंटरवर जा. उंच आहे, चष्मा आहे, खांदे जरा पुढे झुकवून उभा राहतो. विमान कधी येणार हे कृपा करून विचारू नका. त्याला बाजूला घेऊन बसवा, समोर काहीतरी खायला ठेवा, मराठीत बोला. आणि "बरोबर आहे" सोडून तो दुसरं काही बोलतो का, तेवढं मला कळवा.