पायरीचे किती कापायचे

गुडघा बदलून घेतल्यापासून शालूताई सोसायटीच्या पार्किंगमधल्या कॅम्पर व्हॅनकडे फिरकल्या नव्हत्या. तिची पायरी मांडीइतकी उंच. ती चढणं आता आपल्याला जमणार नाही आणि आपल्यावाचून आमोदराव कुठे जाणार नाहीत, असा विचार करून त्यांनी व्हॅन विकायचा हुकूम काढला. आमोदराव नुसतं "बरं" म्हणाले. उभ्या संसारात ते इतक्या लवकर कशालाच बरं म्हणाले नव्हते. शालूताईंना ते जरा लागलंच.

रविवारी हिंजवडीहून पियुष नावाचं गिऱ्हाईक व्हॅन बघायला आलं. शालूताईही काठी टेकत खाली उतरल्या. नवऱ्याला काही विकता येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो अविश्वास सार्थ ठरला.

"सात लाख," आमोदराव म्हणाले. "आता दोष सांगतो. फ्रिज गार करत नाही, नुसता आवाज करतो. वीस हजार वजा. छताची खिडकी गळते, पंधरा. गादी माझ्या बाजूला बसली आहे."

"अहो, त्यांना विचारू तरी द्या."

"विचारल्यावर सांगितलं की ती घासाघीस होते. शेगडी मात्र उत्तम आहे. तिचे काही कमी होणार नाहीत."

भाव पाडायची तयारी पियुष घरून करून आला होता, ती वाया चालली होती. शेवटी खाली वाकल्यावर त्याला काहीतरी सापडलं.

"काका, ही एक्स्ट्रा पायरी स्पीडब्रेकरला घासणार. काढावी लागेल. दहा हजार मायनस?"

"तो दोष नाही."

"मग फीचर आहे?"

आमोदराव टायरकडे बघू लागले.

शालूताईंनी पाहिलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर नवी कोरी पायरी, वर रबर, शेजारी धरायला दांडा. महिनाभर हे गृहस्थ 'हवा बघून येतो' म्हणून खाली जात होते. चार टायरांना इतकी हवा लागत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

"बोलला का नाहीत?"

"बसवून झाली आणि सांगायला वर आलो, तर तू म्हणालीस, विका."

शालूताईंनी काठी त्यांच्या हातात दिली आणि दांडा धरून चढल्या. एक पाऊल, मग दुसरं. गुडघ्यानं तक्रार केली नाही.

"पियुष, व्हॅन विकायची नाही," आतून आवाज आला. "तुमची फेरी फुकट गेली, निदान चहा घेऊन जा. अहो, वरून दूध आणा."

"काका," पियुष म्हणाला, "मग इतका वेळ दोष कशाला सांगत होता?"

"दोष खरे आहेत," आमोदराव म्हणाले, आणि बायकोची काठी टेकत दूध आणायला निघाले.