दोन वंशांची शिळा

विहिरीच्या तोंडावर एक शिळा, शेजारी मेंढरांना पाणी पाजायच्या दोन दगडी डोण्या आणि वीस हातांचा दोर. शिळा सरकवायला आठ माणसं लागत. चार मनश्शे वंशाची, चार एफ्राइमची. दोन्ही वंश योसेफाच्याच दोन मुलांचे. आठही जण एका वंशाचे चालत नसत, तशी पूर्वजांची शपथच होती.

म्हातारा यारीब मनश्शेचा. तरुणपणी एफ्राइमची वाट बघत तो याच शिळेवर बसायचा. कुणी सुकी अंजिरं काढी, कुणी समोरच्याच्या मेंढ्यांना बोकड म्हणून चिडवी. इथंच त्याला अबीताल दिसली, एफ्राइमची. ती त्याची बायको झाली; ती जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

या उन्हाळ्यात मनश्शेनं मिद्यानी लुटारूंना पिटाळलं, पण एफ्राइमला बोलावलंच नाही. रुसलेले एफ्राइमी विहिरीकडे फिरकेनात. दोन्हीकडची मेंढरं तहानेनं ओरडत होती. मनश्शेची पोरं म्हणाली, शपथ गेली खड्ड्यात, आपणच आठ जण लावू. यारीबनं त्यांना थांबवलं आणि तो टेकडीपलीकडे आपल्या मेहुण्याकडे, बेरेदकडे गेला.

बेरेद तंबूच्या दारात बसला होता. उठला नाही.

"या दाजी. लढाईला आमची आठवण झाली नाही, दगड सरकवायला बरी झाली?"

"लढाई तुमच्याशिवाय निभली," यारीब म्हणाला. "दगड निभत नाही."

बेरेदला हसू आलं, ते त्यानं दाढीत लपवलं. मग अट घातली, आधी आमची मेंढरं पिणार. उन्हाळ्यात पाणी बेताचं, मागून येणाऱ्याला गाळ मिळण्याची भीती. यारीबच्या स्वतःच्या चाळीस मेंढ्या होत्या, दुसरं काही नव्हतं. तरी तो हो म्हणाला.

चार इकडचे, चार तिकडचे शिळेला भिडले. यारीब आणि बेरेद शेजारी होते. यारीबला बेरेदच्या अंगाला तोच लोकरीचा, धुराचा वास आला, अबीतालच्या माहेरचा. शिळा सरकली. यारीबनं दोर तळापर्यंत सोडून वर ओढला. चार हात ओला, म्हणजे पाणी चार हात.

एफ्राइमची मेंढरं पिऊ लागली. मनश्शेची पोरं दात-ओठ खात उभी होती. यारीब विहिरीकडे पाहत नव्हता.

मध्येच बेरेदनं आपला कळप मागे हाकला. काही मेंढ्या अजून डोणीकडे माना वळवत होत्या. त्यानं दोर पुन्हा तळाशी सोडला, वर ओढला आणि ओला भाग यारीबपुढे धरून हातानं मोजला.

दोन हात.