पाणी दिल्याचा राग

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे आणि सध्या माझा पार गोंधळ उडाला आहे. वय झालं म्हणून असेल, असं तुम्ही म्हणाल. पण तसं नाही. माझ्या अंगावर भागाकार झाले, नकाशे झाले, कविता झाल्या. सगळं मला नीट समजत होतं. फक्त राग ही एक गोष्ट या उतारवयात मला कळेनाशी झाली आहे.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका सुताराच्या दुकानात झाला. त्याने सागवानी फळ्या जोडल्या, घासून गुळगुळीत केल्या, काळा रंग दिला आणि मी एका शाळेत गेलो. तिथे राग सोपा होता. गुरुजी चिडले की डस्टर माझ्यावर आपटायचे, खडूची भुकटी उडायची आणि पोरं चिडीचूप व्हायची. पुढे शाळेत चकचकीत पांढरे फळे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या शेजारी झाली. तो काळ आठवायलासुद्धा नको वाटतो. माझ्या पाठीमागे एक पाल राहायची, तेवढीच काय ती सोबत.

मग प्रभावती मॅडम आल्या. राजारामपुरीत एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर त्या इंग्रजी बोलायला शिकवतात. त्यांनी मला टेम्पोत घालून आणलं, स्वतः पदर खोचून ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाल्या, "लाकूड बघा कसं आहे! हा आपल्या सगळ्यांना पुरून उरेल." इतकं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

त्यांच्याकडे मोठी मुलंमुली येतात. पृथ्वीराज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे. स्नेहल हातकणंगल्याजवळच्या एका गावातली. पुण्यात नोकरी मिळावी म्हणून ती इंग्रजी शिकत होती आणि तिचं काम जवळजवळ झालंही होतं. पूर्वी ती गावाहून रोज ये-जा करायची. अलीकडे मात्र शहरातल्या आत्याकडे राहायला आली होती. का, ते कुणाला माहीत नव्हतं.

त्या दिवशीचा धडा होता, इंग्रजीत वैताग आणि राग कसा सांगायचा. मॅडमनी माझ्यावर लिहिलं, 'आय अ‍ॅम अनॉइड दॅट यू आर लेट.' तू उशिरा आलास याचा मला वैताग आला आहे. "ओरडायचं नाही, हात उडवायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "वैताग आलाय एवढं सांगायचं आणि 'दॅट' लावून कशाचा ते सांगायचं. 'दॅट'पासूनचं ते नामवाक्य. एका नामाच्या जागी अख्खं वाक्य नेऊन बसवायचं."

मला ते ऐटदार वाटलं, पण पटेना. आमच्या खिडकीखाली दोन जिवाभावाचे मित्र भेटले, की आधी एकमेकांचा यथेच्छ उद्धार करतात आणि मग गळ्यात हात टाकून चहाला जातात. माझ्या मनातलंच पृथ्वीराज बोलला, "मॅडम, एवढ्या गोडीत सांगितलं तर पुढच्याला कळणार कसं, राग आलाय म्हणून?" सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "आता प्रत्येकाने एकेक वाक्य लिहा."

पृथ्वीराजने साहेब ऐन चहाच्या वेळी काम सांगतात, याचा वैताग लिहिला. मग स्नेहल उठली. ती इतकी दाबून लिहीत होती की खडू मोडला. तिने उरलेल्या तुकड्याने वाक्य पुरं केलं, 'आय अ‍ॅम अँग्री दॅट माय फादर सोल्ड चंद्री.' माझ्या वडिलांनी चंद्रीला विकलं याचा मला राग आला आहे.

"व्हेरी गुड!" मॅडमनी नामवाक्याखाली लाल खडूने रेघ ओढली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, मी चक्रावून गेलो. त्या मुलीच्या खडूचा दाब मला अजून लागत होता, आणि हे लोक टाळ्या कसल्या वाजवतात? चंद्री कोण, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. वाक्य बरोबर होतं ना, मग झालं.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. "स्नेहे! ए स्नेहे! कान फुटलं काय तुझं? कवापास्नं फोन लावालोय, उचलायला हाताला गळू झालंय व्हय?"

पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. ते स्नेहलचे वडील, जोतीराम. मॅडम दचकल्या. "या, बसा काका. रागावू नका."

"रागावलंय कोन? नीट तर बोलालोय की!"

स्नेहल शांतपणे उठली, पाण्याचा पेला घेऊन आली. "बसा आबा. पाणी घ्या. दमला असाल."

"किती छान बोलते तुमची मुलगी," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. पण जोतीरामांचा चेहरा पडला. पेला त्यांनी हातातच धरून ठेवला. माझा हिशेब असा, की ओरडणारा चिडलेला आणि पाणी देणारी निवळलेली. मग ओरडणाऱ्याचे डोळे का भरले होते? आणि पाणी देणारीचे ओठ असे घट्ट का मिटले होते? मला काही म्हणता काही उमगेना.

जोतीरामांची नजर माझ्यावर गेली. इंग्रजी अक्षरं त्यांना लावता येत होती. "चं... द्री. आमच्या म्हशीचं नाव हितं कशाला?"

मॅडमनी वाक्याचा अर्थ सांगितला. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक झाला. त्यांनाही तो अर्थ आत्ताच कळत असावा.

"आगं, मग घरात आरडायचंस की!" जोतीराम म्हणाले. "भांडी आदळायचीस. गप आत्याकडं येऊन बसायचं, ही कुठली रीत?" मग ते मॅडमकडे वळले. "रेडकू असल्यापास्नं हिनंच सांभाळलीया चंद्रीला. दिवाळीच्या पाडव्याला शिंगास्नी मोरपिसं लावून म्हशी पळवत्यात न्हवं, तवा ही मोपेडवर फुडं आनि चंद्री मागं. ही मुलाखतीला पुण्याला गेलती, तर चंद्रीनं वैरनीला तोंड लावलं न्हाय. आता ही कायमची जानार. मग म्या आनि म्हशीनं एकमेकाकडं बघत बसायचं व्हय गोठ्यात? म्हनून दिली."

स्नेहल एवढंच म्हणाली, "पाणी घ्या ना."

जोतीरामांनी पेला टेबलावर ठेवला. "मॅडम, माझं बी एक लिव्हा. माझ्या पोरीनं मला पावन्यागत पानी दिलं, ह्याचा मला राग आलाय."

मॅडमनी लिहिलं, 'आय अ‍ॅम अँग्री दॅट माय डॉटर गेव्ह मी वॉटर.' मी पुन्हा गोंधळलो. तहानलेल्या माणसाला पाणी दिल्याचा राग येतो? पण वर्गात कुणी हसलं नाही. पृथ्वीराजने तर मान खाली घातली.

स्नेहल ते वाक्य वाचत उभी राहिली. आणि मग खालचा दुकानदार रस्त्यावर येऊन वर बघेल एवढ्या मोठ्याने ओरडली, "मग इचारायचंस की मला! तुझ्या एकट्याची हुती व्हय रं ती? आजून गेलो बी न्हाय, तवर मला घरातनं काढून टाकलंस? लय वाईट हाईस तू आबा, लय वाईट!" आणि ती हमसून रडायला लागली.

आता सगळं संपलं, असं मला वाटलं. मॅडम धावल्या. पण जोतीराम खुर्चीत ऐसपैस बसले, टोपीने डोळे पुसले आणि म्हणाले, "आरड. आजून आरड." मग पेला उचलून ते घटाघटा पाणी प्यायले.

"चल, चंद्रीला बघून येऊ," ते उठता उठता म्हणाले. "परत आनायची का न्हाय, ते तू ठरीव."

जिना उतरताना दोघं कडाकडा भांडत होती. पुढे काय ठरलं, ते इथे भिंतीवर टांगलेल्या मला कसं कळणार? मॅडम मात्र लाल खडू हातात धरून माझ्यासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि जोतीरामांच्या वाक्याखाली रेघ न ओढताच बाजूला झाल्या.

मित्रांनो, राग कोणता आणि माया कोणती, हे मला अजून ओळखता येत नाही. तुम्हाला येत असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे. माझं मागणं थोडंच आहे. मला खिळ्याने ओरखडू नका, फडकं ओलं करून हळू पुसा. आणि पुसण्याआधी हे अक्षर कुणाचं आहे ते बघा. ते माणूस अजून वर्गात असेल, तर त्याच्याजवळ जाऊन जरा बसा.