पिंजऱ्याचं बाकडं

मी एक जुना आरोपीचा पिंजरा आहे. आहे म्हणजे होतो. आता माझं बाकडं झालंय. मित्रांनो, दचकू नका, मी कुणाला चावत नाही.

बल्लारशाच्या सागवानातून मला घडवलं आणि जिल्ह्याच्या कोर्टात उभं केलं. भल्याभल्यांची माझ्यात आल्यावर बोबडी वळायची. निकाल ऐकताना ते माझा कठडा इतका घट्ट धरत, की तिथे बोटांचे खळगे पडले. "लाकूड अस्सल आहे हो!" वकील म्हणायचे आणि मी फुगायचो. मग नवी इमारत झाली आणि मी व्हरांड्यात कबुतरांखाली पडलो.

एके दिवशी मला बाल न्याय मंडळाच्या खोलीत आणून टाकलं. इथे अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं चालतात. न्यायाधीश टेंभुर्णेबाई मला पाहताच कडाडल्या, "हे धूड इथे कुणी आणलं? मुलांना पिंजऱ्यात उभं करायचं नसतं!"

"मग फोडून चुलीत घालू का, मॅडम?" मिस्त्रीने विचारलं.

"बाकडं करा. लेकरं बसतील."

मला फार लागलं ते. कुठे तो दरारा आणि कुठे हे बाकडं!

मग तो मुलगा आला. सोळा वर्षांचा. त्याचं नाव सांगणार नाही, त्याने त्रास दिलेल्या मुलीचंही नाही. कायद्याची तशी मनाईच आहे. आठवीतली ती मुलगी शिकवणीला जायची. हा रोज वाटेत आडवा यायचा. ती 'नको' म्हणायची, हा हसायचा. एकदा गल्लीत त्याने तिचा हात धरून ओढला. ती ओरडली, माणसं धावली. मुलांना लैंगिक त्रासापासून वाचवणाऱ्या कायद्याखाली तक्रार झाली. तेव्हापासून मुलगी घराबाहेरच पडेना. तिचं शिक्षणच सुटायची वेळ आली.

पोरगा मात्र माझ्यावर बसून पाय हलवत होता. "मामा म्हणते, अठराच्या आत काही होत नाही," त्याने आईला सांगितलं.

साध्या कपड्यातले हवालदार डोंगरवार शेजारीच होते. "काऊन बे, लय हसू येऊन राह्यलं तुले?"

टेंभुर्णेबाई समोर येऊन बसल्या. "मामाचं सोड. पिंजरा नाही म्हणून गुन्हा नाही, असं नसतं. का केलंस हे?"

"मी काय केलं? नुसता हात तर धरला."

"तिला सोडवून घेता येत होतं?"

चाळा करता करता त्याची बोटं माझ्या कडेला लावलेल्या जुन्या कठड्याच्या खळग्यांत गेली. "काका, हे काय हाय?"

"हा पयले मोठ्या माणसायचा पिंजरा होता," डोंगरवार म्हणाले. "इथं धरून उभे राहत. सुटाले वाट नसे."

मुलाने हात झटकन काढला. पाय थांबले.

"तिलेबी नव्हती," तो पुटपुटला आणि रडायला लागला. मीही त्या दिवशी हललो, मित्रांनो. इतकी वर्षं मी घाबरलेली माणसं पाहिली होती, पण दुसऱ्याची भीती ओळखून रडणारा हा पहिलाच.

प्रकरण रीतसर चाललं. मुलीचं म्हणणं वेगळ्या खोलीत, तिच्या आईला शेजारी बसवून ऐकलं. दोष सिद्ध झाला. मुलाला समुपदेशन, वर्षभर देखरेख, सुट्टीच्या दिवशी वृद्धाश्रमात काम. आणि त्या मुलीच्या वाटेला फिरकायचं नाही.

काही दिवसांनी मुलीचे वडील आले. "पोरगी शाळेत जाऊन राह्यली, मॅडम," ते म्हणाले. "पण मी सोबत जातो. एकटी जाले अजून भेते."

मित्रांनो, माझ्यावर कर्कटकाने नावं कोरू नका, हे तर सांगतोच. पण कुणी 'नको' म्हटलं, की तिथेच थांबा. माझ्यावर कुणी बसलं नाही, तर आता मला कमीपणा वाटत नाही. कुणाला त्रास देऊन इथे यायची वेळ आणू नका, मला रिकामंच राहू द्या.