पहिली लाट सोडायची

थेंब... त्याच्या नाकातून टपकन पडला तो थेट ठरावाच्या कागदावर, त्याच्याच नावाशेजारी. सकाळी लाटांवर नाकातोंडात गेलेलं समुद्राचं पाणी हे असं दोन-तीन तासांनी भलत्या वेळी बाहेर येतं. शेजारी बसलेल्या काकांनी रुमाल सरकवला. "सर्दी?" "हं." अर्धा समुद्र नाकात घेऊन बैठकीला आलोय, हे कोणत्या तोंडाने सांगायचं!

आज बोलायचंच होतं. काका, मला नाही जमायचं, कारखाना तुम्हीच बघा — सकाळी लाटेची वाट बघत फळीवर पालथं पडून त्याने हे वाक्य दहादा घोकलं होतं. वडील जाऊन वर्ष झालं, कारखान्याच्या अध्यक्षाची खुर्ची रिकामी. आणि खुर्ची घेतली की समुद्र संपला, हे काकांनी परवाच गोड आवाजात सांगून टाकलं होतं. "आठशे घरांच्या चुली तुझ्या जिवावर, बाळा. ते पाण्यातले खेळ आता बंद, हो." खेळ! वीस वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर लाटेवर उभा राहणारा तो पहिला — सुताराने जुनं दार तासून फळी करून दिली तेव्हा म्हणाला होता, "धाकटे शेठ, मरायचंच तर घरात पलंग नाही का?" — अख्खा किनारा खदखदून हसला होता, दोन बरगड्या गेल्या होत्या, आणि आता तीच माणसं आपली लेकरं त्याच्याकडे शिकायला धाडतात. त्यांना तो पहिल्या दिवशी एकच सांगतो : लाटा घोळक्याने येतात, पहिलीवर जायचं नाही. ती सोडायची, मागची बघायची, मग...

"कोणाची हरकत?" काकांनी चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं.

आली पहिली लाट. पाण्यात होतात तसे खांदे ताठ झाले — आणि त्याने श्वास धरून ती जाऊ दिली. आता काका पुन्हा विचारतील, तेव्हा...

"मंजूर," काका म्हणाले. टाळ्या. कोणीतरी पाठीवर थाप मारली. अरे गाढवा, इथे लाट एकच असते!

अजूनही तोंड उघडता आलं असतं. काका पेन पुढे करून थांबले होते, सही व्हायची होती. सवयीने घात केला, असं सगळ्यांना सांगता येईल, पटेलही... पण पाण्यात लाट सोडताना अंग कसं ताणलेलं असतं, कान मागे लागलेले असतात. इथे ते खुर्चीत सैल पडलं होतं, पाठ गादीला टेकली होती, आणि देवा, बरं वाटत होतं. इतकं बरं, की ते कोणाला सांगायची सोय नव्हती.